पावसाचं गणित : शिमला ते पुणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. मृगाला कधी कोल्हा तर कधी म्हैस, आर्द्राला कधी मोर तर कधी गाढव. वाहन बेडूक किंवा म्हैस निघालं की घरातली वडीलधारी माणसं खूश व्हायची. उंदीर-गाढव निघालं की विषय बदलायची. ही वाहनं ठरतात कशी, हे मी लहानपणी गावच्या जोशीबुवांना विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, आणि बाकी उरेल तसं वाहन. म्हणजे तेही गणितच. फक्त गेल्या वर्षी बेडकानं खरोखर पाऊस दिला की नाही हे ताडून पाहायचं आणि चुकलं तर सूत्र बदलायचं, अशी सोय त्या गणितात नाही.

आज ज्या गणिताविषयी बोलायचं आहे, ते पुष्कळदा चुकलं आणि प्रत्येक वेळी बदलावं लागलं. त्याचं वय साधारण दीडशे वर्षांचं आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या पुण्यात घडला आहे.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. भूगर्भशास्त्रज्ञ असलेले हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. खातं उभं राहतं न राहतं तोच १८७६ ते ७८चा महाभयंकर दुष्काळ आला. दख्खन, म्हैसूर, मद्रास या भागांत लाखो माणसं मेली. आता इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाऊस पडला नाही म्हणून पीक जातं हे खरं, पण माणसं मरतात ती धान्य विकत घेण्याची ऐपत नसते म्हणून. त्या वर्षांतही हिंदुस्थानातून गहू निर्यात होतच होता. पण धान्याच्या व्यापारात हात घालण्यापेक्षा पावसाचा अंदाज मागणं सरकारला सोपं होतं. तसा तो ब्लॅनफर्डकडे मागितला गेला.

ब्लॅनफर्डच्या हाती होतं काय? थोड्या वेधशाळा, काही वर्षांच्या नोंदी आणि एक तर्क. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडलं की उत्तरेकडची जमीन उशिरा तापणार. जमीन कमी तापली की समुद्रावरचे वारे कमी ओढले जाणार. म्हणजे पाऊस कमी. हा तर्क त्यांनी १८८४ साली मांडला आणि ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशासाठी पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज निघाला. पुढे काय होईल ते नोंदींच्या आधारावर सरकारी कागदावर लिहून देण्याची प्रथा आपल्याकडे तिथून सुरू झाली.

त्यांच्यानंतर आलेले जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडचं हवामानही विचारात घेतलं. अंदाज लांबलचक झाले, नेमके मात्र झाले नाहीत. १८९९ साली पाऊस चांगला होईल असं त्यांनी सांगितलं आणि प्रत्यक्षात देशभरात पाव हिश्शाहून अधिक तूट आली. राजस्थान-गुजरातेत आजही ‘छप्पनिया’ म्हणून ज्याची आठवण काढतात तो हाच दुष्काळ, विक्रम संवत १९५६चा. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं. मग सरकारनं काय केलं? अंदाज सुधारण्याआधी ते गोपनीय करून टाकले! पुढे काही वर्षं ते फक्त अधिकाऱ्यांनीच वाचायचे.

एलियट १९०३ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक असा माणूस आला ज्याचा हवामानशास्त्राशी तोवर काहीच संबंध नव्हता. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. आपल्या रँग्लर परांजप्यांनी १८९९ साली जो सीनियर रँग्लरचा मान मिळवला, तोच वॉकर यांनी दहा वर्षं आधी मिळवला होता. बूमरँग का परत येतं याचं गणित मांडण्यात त्यांनी बराच काळ घालवला होता, आणि शिमल्यात साहेब संध्याकाळी डोंगरउतारावर बूमरँग फेकत असत. (हेच वॉकर १९१३ साली मद्रासला गेले असताना पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांच्या पाहण्यात आल्या. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहून या तरुणाला शिष्यवृत्ती द्यावी अशी शिफारस केली. कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी हवामानात काही केलं नसतं, तरी एवढ्यासाठी आपण त्यांना ओळखलं पाहिजे.)

वॉकर यांनी पाहिलं की मान्सूनमागचं भौतिकशास्त्र सोडवणं त्या काळात अशक्य आहे. मग त्यांनी वेगळा रस्ता धरला. कारण कळत नसेल तर निदान सोबत तरी शोधू. जगात कुठे काय घडलं की त्यानंतर हिंदुस्थानात पाऊस जास्त किंवा कमी होतो? यासाठी संख्याशास्त्रात तेव्हा नवं असलेलं सहसंबंधाचं हत्यार त्यांनी उचललं. दोन गोष्टी नेहमी बरोबर वाढत असतील तर सहसंबंध अधिक एक. एक वाढताना दुसरी नेहमी घटत असेल तर उणे एक. काहीच मेळ नसेल तर शून्य. शिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकून रांगेनं बसून जगभरच्या ठाण्यांचे आकडे घेऊन हे सहसंबंध हातानं काढत. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द त्या वेळी अशा हिशेबनिसांना लावत. वॉकर यांची कीर्ती या अनाम माणसांच्या बोटांवर उभी आहे. त्यांची नावं कुणी आवर्जून लिहून ठेवली नाहीत.

या खटाटोपातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर अंदाजासाठी एक समीकरण तयार झालं. त्यात चार घटक होते : मे अखेरचं हिमालयातलं बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला वसंतातला दाब आणि झांजिबारचा पाऊस. कुठे झांजिबार, कुठे चिली-अर्जेंटिना आणि कुठे आपला सोलापूर जिल्हा! त्या काळच्या माणसाला हे नक्षत्राच्या वाहनाइतकंच विचित्र वाटलं असेल. पण इथे एक फरक होता. झांजिबारचा उपयोग होतो की नाही, हे दर वर्षी तपासता येत होतं.

आणि वॉकर सावध होते. शंभर गोष्टींचे सहसंबंध काढले तर त्यातले चार-पाच निव्वळ योगायोगानंही चांगले दिसणार. मोठ्या ढिगातून उत्तम दिसणारा आकडा निवडताना फसगत कशी होते यावर त्यांनी १९१४ साली स्वतंत्र निबंध लिहिला होता. तो निबंध पुढच्या लोकांनी अधूनमधून वाचायला हवा होता. याचं कारण पुढे येईलच.

हे आकडे चाळता चाळता त्यांना एक मोठी गोष्ट गवसली. प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. जणू दोन टोकांना दोन मुलं बसलेला सी-सॉ. याला त्यांनी १९२४ साली ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणजे दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. त्या वेळी बऱ्याच शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली, कारण ‘का?’ याचं उत्तर वॉकर यांच्याकडे नव्हतं. ते उत्तर १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी दिलं. पेरूच्या किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी तापतं, ज्याला तिथले कोळी एल निनो म्हणत, ते आणि वॉकर यांचा सी-सॉ ही एकाच घटनेची दोन रूपं आहेत. हवेच्या त्या पूर्व-पश्चिम चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचंच नाव दिलं. वॉकर १९५८ सालीच वारले होते. आज जूनच्या तोंडावर टीव्हीवर एल निनोचा उल्लेख होतो, त्याचा एक धागा शिमल्याच्या त्या कारकुनांपर्यंत जातो.

गंमत अशी, की वॉकर निघाले होते मान्सूनचा अंदाज शोधायला आणि सापडली ती जगाच्या हवामानाची एक किल्ली. मान्सूनचा अंदाज मात्र फारसा सुधारला नाही. त्यांनी निवडलेले कित्येक घटक पुढच्या दशकांत निकामी झाले. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या देखण्या इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली, आणि १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं तरी नाव राहिलं. पीएमटीच्या कंडक्टरनं ‘सिमला ऑफिस’ असा पुकारा केला की पुण्यात शिमला कुठून आलं, असा प्रश्न पाहुण्यांना हटकून पडायचा. याच पुण्याच्या काळातले प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी पुढे १९५३ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं : पावसाळ्याआधीच्या घटनांवरून मान्सून ओळखणं अवघड; उलट मान्सून कसा झाला त्यावरून नंतर जगात काय होईल हे सांगणं अधिक सोपं. ज्याचं भविष्य हवं होतं, तोच इतरांचं भविष्य सांगणारा निघाला.

तिकडे युरोप-अमेरिकेत दुसरी वाट तयार होत होती. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाला वाटलं, हवा हा वायू आहे, त्याचे भौतिक नियम ठाऊक आहेत, मग आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती सरळ मोजून का काढू नये? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करताना त्यांनी २० मे १९१० या एका दिवसातल्या सहा तासांचं गणित हातानं केलं. उत्तर आलं, हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारनं बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तो जवळपास स्थिर होता! एवढी फजिती झाल्यावर दुसऱ्या कुणीही कागद फाडले असते. रिचर्डसन यांनी १९२२ साली चुकीच्या उत्तरासकट ते पुस्तकात छापले. प्रचंड सभागृहात चौसष्ट हजार हिशेबनीस बसवले तर हवामानाच्या वेगाशी बरोबरी करता येईल, असं स्वप्नही त्यात रंगवलं. ते सभागृह १९५० साली यंत्राच्या रूपानं आलं. अमेरिकेत चार्नी, फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनिअ‍ॅक संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला. त्याला वेळ लागला सुमारे चोवीस तास.

पण या वाटेलाही कुंपण आहे. एडवर्ड लोरेंझ यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की सुरुवातीच्या आकड्यात दशांश चिन्हानंतर चौथ्या घरात फरक पडला तरी काही काळानं अंदाज पार वेगळ्या दिशेला जातो. म्हणून रोजच्या हवामानाचा अंदाज दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. मग चार महिन्यांच्या पावसाळ्याचं काय? चार्नी आणि आपले जगदीश शुक्ल यांनी १९८१ साली याला उत्तर दिलं. उष्ण कटिबंधात हवेपेक्षा समुद्र महत्त्वाचा, आणि समुद्राचं तापमान सावकाश बदलतं. एखाद्या तारखेचा पाऊस सांगता येणार नाही. हंगामाचा कल मात्र सांगता यावा.

आपल्याकडे तोवर जुनीच, सहसंबंधांची वाट चालू होती, आणि तिला १९८८ साली नवं वळण दिलं ते एका पुणेकरानं. डॉ. वसंत गोवारीकर हे मुळात रॉकेटच्या घन इंधनाचे तज्ज्ञ. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आणि नंतर विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव. १९८७च्या दुष्काळानंतर त्यांनी थापलियाल, सरकार, सिक्का अशा हवामानतज्ज्ञांना बरोबर घेऊन सोळा घटकांचं मॉडेल उभं केलं. तापमान, वारे, दाब, बर्फ असे सोळा घटक एका समीकरणात. चूक फार तर चार टक्क्यांची, असा हिशेब होता. पहिल्याच वर्षी पाऊस उत्तम होईल असं सांगितलं आणि १९८८ साली तो सरासरीच्या ११९ टक्के झाला. ‘गोवारीकर मॉडेल’ हे शब्द चहाच्या टपरीवर पोचले. विज्ञानाचं एखादं समीकरण मराठी माणसाच्या बोलण्यात इतकं सहज आल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मग चौदा वर्षं बरी गेली. १९८८ ते २००१ या काळात देशाच्या सरासरीत एकही दुष्काळी वर्ष आलं नाही. इथेच खरी मेख आहे. समजा, या चौदा वर्षांत एखाद्या माणसानं काहीही न मोजता दर मे महिन्यात ‘यंदा दुष्काळ नाही’ एवढंच सांगितलं असतं, तर तोही चौदाच्या चौदा वेळा बरोबर ठरला असता. मॉडेलची परीक्षा झालीच नव्हती. जिथे थोडी फार कसोटी लागली, तिथे ते डळमळलं होतं : १९९४ साली अंदाज ९२ टक्क्यांचा होता, पाऊस ११० टक्के झाला. त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. पाऊस अपेक्षेपेक्षा जास्त झाला तर तक्रार करतो कोण?

परीक्षा झाली २००२ साली. अंदाज होता १०१ टक्के. जून ठीक गेला, पेरण्या झाल्या आणि जुलैत पाऊस थांबला. नेहमीच्या जेमतेम निम्मा. ज्या महिन्यात पिकं उभी राहतात त्याच महिन्यात रान करपलं. हंगाम संपला तेव्हा आकडा होता ८१ टक्के. वीस टक्क्यांची ही चूक कागदावर एका ओळीची. पण सावकाराकडून किंवा सोसायटीतून पैसे काढून ज्यानं बियाणं घेतलं, दुबार पेरणीसाठी पुन्हा घेतलं, त्याच्या घरी ती कित्येक वर्षं राहते. त्या जुलैत मी मराठवाड्यातून एसटीनं चाललो होतो. शेजारी बसलेले गृहस्थ खिडकीबाहेर बघून एवढंच म्हणाले, “औंदा आभाळ नुसतं येऊन जातंय.”

चुकलं कुठे? त्याच वर्षी डेलसोल आणि शुक्ल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की दोन-तीन घटकांची साधी समीकरणं जास्त घटकांच्या समीकरणांपेक्षा बरा अंदाज देतात. यामागचं कारण घरगुती उदाहरणानं सांगतो. शिंप्यानं एका माणसाचं माप घेऊन अंगरखा शिवला. जिथे सुरकुती दिसेल तिथे टाच मारली. सोळा टाचा मारल्यावर अंगरखा त्या माणसाला अगदी चपखल बसला. पण तोच अंगरखा त्याच्या भावाला घालायला गेलं तर बगलेत उसवतो. हातात तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी आणि समीकरणात सोळा घटक असले की मॉडेल मागच्या वर्षांना चपखल बसतं; पुढचं वर्ष म्हणजे दुसरा माणूस. वॉकर यांनी १९१४ साली दिलेला इशारा तो हाच. गोवारीकरांना दोष देण्यात मात्र मला अर्थ वाटत नाही. १९८८ साली हाती जे होतं त्यातून त्यांनी एक उत्तर काढलं, ते जाहीर केलं आणि म्हणूनच ते तपासता आलं.

हवामान खात्यानं २००३ साली आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल्स आणली. २००४ साली तीही फसली. अंदाज शंभर टक्क्यांचा, पाऊस ८७च्या आसपास. त्यानंतर डॉ. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सगळ्या जुन्या अंदाजांचा हिशेब मांडला. १९३२पासूनचे अंदाज एका ओळीत ठेवून त्यांनी दाखवलं की समीकरणं बदलली, घटक बदलले, यश मात्र सात दशकांत वाढलं नाही. जन्मानं पुण्याच्या असलेल्या गाडगीळबाई गणितातून हवामानशास्त्रात आल्या होत्या, वॉकरसारख्याच. नुसत्या एल निनोकडे पाहून भागणार नाही, विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागरावर ढग कुठे जमतात तेही पाहा, हे त्यांनी हिरिरीनं मांडलं. १९९७चा प्रचंड एल निनो असूनही पाऊस सरासरीएवढा का झाला, याचा उलगडा त्यातून होऊ लागला. पुढे २००९ साली पुन्हा तडाखा बसला. अंदाजात थोडी तूट धरली होती, प्रत्यक्षात ती सुमारे बावीस टक्के आली, १९७२नंतरची सर्वांत मोठी.

मग २०१२ साली ‘मान्सून मिशन’ सुरू झालं आणि पुन्हा पुणं मध्यभागी आलं. पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं हवा आणि समुद्र दोन्ही एकत्र सोडवणारं अमेरिकी मॉडेल घेतलं, ते आपल्या मान्सूनसाठी घासूनपुसून घेतलं, आणि रिचर्डसन व वॉकर यांच्या वाटा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं एकत्र आल्या. २०२१पासून एकाच मॉडेलवर विसंबण्याऐवजी अनेक मॉडेल्सचं मत घेतलं जातं. याचा फायदा दिसतो आहे. २०२४ साली अंदाज १०६ टक्के आणि पाऊस १०८. २०२५ सालीही नेमके हेच दोन आकडे. वादळांच्या बाबतीत तर जमीन-अस्मानाचा फरक पडला. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं तेव्हा आधीच लाखो लोकांना हलवलं होतं आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली.

पण देशाची सरासरी १०८ टक्के म्हणजे काय, हे २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीकाठच्या माणसाला विचारा. सोलापूर, धाराशिव, बीडच्या ज्या पट्ट्यात पाऊस येत नाही म्हणून ओरड असते, तिथे उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि काही ठिकाणी मातीच वाहून गेली. हंगामाचा अंदाज बरोबर होता. तालुक्याला जो अंदाज हवा असतो, तो वेगळा. त्यासाठी मॉडेलच्या जाळीची घरं लहान करावी लागतात. मे २०२५मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये हे घर सहा किलोमीटरचं आहे, आधी ते बारा किलोमीटरचं होतं. घर अर्धं केलं की गणित कित्येक पटींनी वाढतं, म्हणून पुण्यात २०२४ साली ‘अर्क’ नावाचा नवा महासंगणक बसवला.

आणि आता तिसरी वाट. २०२३ साली गूगलच्या डीपमाइंडनं ग्राफकास्ट नावाची प्रणाली जाहीर केली. तिला वायूचे नियम शिकवलेले नाहीत. चार दशकांचं जगाचं हवामान तिच्यापुढे ठेवलं आणि कशानंतर काय होतं ते तिनं स्वतः हेरलं. दहा दिवसांचा अंदाज ती मिनिटाच्या आत देते. मला हे वाचताना वॉकर आठवले. कारण न विचारता सोबत शोधायची, हीच तर त्यांची रीत. फक्त कारकुनांच्या जागी यंत्र आलं. या यंत्रानं ज्या नोंदींवर शिक्षण घेतलं, त्या मात्र प्रत्यक्ष निरीक्षणं आणि भौतिक मॉडेल यांच्या मिलाफातून तयार झालेल्या आहेत. रिचर्डसनची पुण्याई तिथेही आहे.

२०२५च्या पावसाळ्यात अशाच यंत्रप्रणालींवर आधारलेले अंदाज कृषी मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवले. विषय एकच : तुमच्या भागात पाऊस खरोखर कधी लागेल. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत इतका लवकर तो नोंदींमध्ये कधीच आला नव्हता. महाराष्ट्रात कृषी खातं सांगत होतं, पेरणीची घाई करू नका. रान भिजलेलं, आभाळ भरलेलं, आणि अशा वेळी थांबायला सांगायचं. मान्सूनची पुढची वाटचाल त्यानंतर अडली आणि जूनच्या मध्यापर्यंत अडूनच राहिली.